घोडदौडीचे पहिले ॲप निवडताना : बडोद्यातील नवशिक्यासाठी सविस्तर मार्गदर्शन

घोड्यांच्या शर्यतींत नव्याने रस घेऊ लागलेला माणूस बहुधा पहिला प्रश्न विचारतो तो असा, की हाताळायला सर्वांत सोपे बेटिंग ॲप कोणते. बडोद्यात बसून हा प्रश्न विचारणाऱ्याने त्याआधी आणखी एक गोष्ट माहीत करून घेतली पाहिजे, ती म्हणजे आपण राहतो तेथून, मोबाइलवरून, शर्यतीवर पैसे लावण्यास कायदा परवानगी देतो काय. या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर पुष्कळांना आवडणार नाही, पण ते टाळून पहिल्याचे उत्तर देणे म्हणजे नवशिक्याची दिशाभूल करणे होईल.

शर्यतींची ॲप्स ढोबळमानाने दोन जातींची असतात. काही ॲप्स शर्यतीचे कार्ड (म्हणजे धावणाऱ्या घोड्यांची माहितीसह यादी), निकाल, चित्रफिती आणि घोड्यांची मागील कामगिरी दाखवतात, तर काही ॲप्स वाचकाचे पैसे घेतात. नवशिक्याने पहिल्या जातीचे एखादे ॲप पारखून घ्यावे, दुसऱ्या जातीचे फोनमध्ये घेऊच नये, आणि पैज लावायचीच असेल तर ती रेसकोर्सच्या अधिकृत खिडकीवर, स्वतः जाऊन लावावी, असे माझे स्पष्ट मत आहे. पुढील सर्व पायऱ्या या मताला धरून मांडल्या आहेत.

आधी कायदा पाहावा

राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत ‘पैज आणि जुगार’ हा विषय राज्यसूचीतील ३४ व्या नोंदीत आहे, त्यामुळे एका राज्यात चालणारी पैज शेजारच्या राज्यात चालेलच असे नाही. मुंबईच्या किंवा बंगळुरूच्या शर्यती भरवणाऱ्या क्लबला त्याच्या राज्याने काही परवानगी दिली असेल, तर ती बडोद्याच्या रहिवाशाला आपोआप लागू होत नाही. गुजरातमध्ये जुन्या मुंबई इलाख्यापासून चालत आलेला १८८७ चा जुगार-प्रतिबंधक कायदा लागू आहे. त्यातील घोडदौडीची सवलत अगदी अरुंद आहे. शर्यतीच्या दिवशी, शर्यतीचे नियंत्रण करणाऱ्या स्टुअर्ड्सनी राज्य सरकारच्या मंजुरीने राखून ठेवलेल्या आवारात लावलेली पैज जुगारात मोडत नाही, एवढाच तिचा गाभा आहे. घरच्या दिवाणखान्यातील सोफा किंवा रावपुऱ्यातील दुकानाचा गल्ला हे असे आवार नव्हे.

बेटिंग ॲपच्या जाहिरातींत हटकून एक वाक्य आढळते, ते म्हणजे ‘सर्वोच्च न्यायालयाने घोडदौड हा कौशल्याचा खेळ मानला आहे’. हे वाक्य खोटे नाही. १९९६ साली के. आर. लक्ष्मणन विरुद्ध तामिळनाडू राज्य या खटल्यात न्यायालयाने तसा निर्णय दिला आणि घोड्याचा वंश, त्याची तयारी, जॉकीची कुवत यांचा अभ्यास करून अंदाज बांधण्यात कौशल्याचा भाग प्रधान असतो, असे मानले. परंतु तो खटला रेसकोर्सवरील शर्यतींसंबंधी होता, आणि त्याच्या आधारे कोणत्याही अनोळखी ॲपला परवाना मिळाला असे समजणे म्हणजे वाहन चालवण्याचा परवाना एकाच्या नावे असताना गाडी दुसऱ्याने हाकण्यासारखे आहे. शिवाय ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचे प्रोत्साहन व नियमन करणारा कायदा संमत केला आणि २२ ऑगस्ट रोजी त्यास राष्ट्रपतींची संमती मिळाली. पैसे भरून पैसे जिंकण्याच्या अपेक्षेने खेळला जाणारा ऑनलाइन खेळ कौशल्याचा असो वा नशिबाचा, त्या कायद्याच्या दृष्टीने दोन्ही सारखेच. असा खेळ पुरवणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटी रुपयांपर्यंत दंड, तर त्याची जाहिरात करणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कैद आणि ५० लाख रुपयांपर्यंत दंड अशी तरतूद आहे. बँका आणि पेमेंट कंपन्यांना अशा व्यवहारांसाठी पैसे वळते करण्यासही मनाई आहे. केवळ खेळणाऱ्याला या केंद्रीय कायद्यात शिक्षा ठेवलेली नाही. राज्याचा कायदा मात्र वेगळा आहे, आणि पैसे अडकल्यास आपली बाजू किती लंगडी पडेल हे सांगायला नको.

परदेशी ॲपबद्दलही दोन शब्द सांगितले पाहिजेत. ‘आमच्याकडे परदेशातील गेमिंगचा परवाना आहे’ असे लिहिलेले असते आणि तो खरा असेलही, पण भारतात त्याला अर्थ नाही. परकीय चलनाच्या २००० सालच्या नियमांत लॉटरीची तिकिटे, फुटबॉल पूल आणि स्वीपस्टेक यांसाठी परदेशी पैसे पाठवण्यास सरळ बंदी आहे, आणि शर्यतींतून झालेले उत्पन्न बाहेर पाठवण्यासही. परदेशी संकेतस्थळावर खाते उघडून कार्डाने पैसे भरणारा माणूस त्यामुळे दोन कायद्यांच्या कचाट्यात सापडतो.

भारतात शर्यती भरवणारी केंद्रे मोजकी आहेत. मुंबई आणि पुणे येथे रॉयल वेस्टर्न इंडिया टर्फ क्लब शर्यती भरवतो. बंगळुरू, म्हैसूर, हैदराबाद, चेन्नई, कोलकाता आणि दिल्ली येथे त्या त्या क्लबांच्या शर्यती होतात. गुजरातमध्ये असे एकही केंद्र नाही. बडोद्यात रेसकोर्स सर्कल आहे, पण तेथे आज वाहतूक धावते, घोडे धावत नाहीत. या शहराचे शर्यतींशी असलेले खरे नाते इंग्लंडच्या मैदानांवर जोडले गेले. महाराजा प्रतापसिंहराव गायकवाड यांनी १९४५ साली २८,००० गिनींना (गिनी हे जुने इंग्रजी चलन) एक शिंगरू विकत घेतले, त्याचे नाव सयाजीराव ठेवले, आणि त्या घोड्याने १९४७ साली आयरिश डर्बी व सेंट लेजर या दोन्ही शर्यती जिंकल्या. पुढच्याच वर्षी त्यांच्या माय बाबू या घोड्याने टू थाउजंड गिनीज जिंकली. जुन्या बडोदेकरांच्या घरांत शर्यतींविषयी आढळणारी आपुलकी या इतिहासातून आली असावी, आणि अनोळखी ॲपच्या जाहिरातींत मराठी-गुजराती नावे घालणाऱ्यांना ती चांगली ठाऊक असते.

फोनवर आलेले ॲप तपासण्याची रीत

प्रत्यक्षात नवशिक्या ॲप शोधायला जातच नाही, ॲपच त्याच्याकडे येते. दांडिया बाजारात संध्याकाळी शेवउसळीच्या गाडीपाशी उभे असताना शेजारचा मुलगा व्हॉट्सॲपवर आलेला दुवा दाखवतो. त्यात मुंबईच्या उद्याच्या शर्यतीची ‘पक्की टिप’ असते, एका गाजलेल्या माणसाचे छायाचित्र असते, आणि खाली ‘पहिल्या भरण्यावर दुप्पट बोनस’ असे लिहिलेले असते. असा दुवा आल्यावर पुढील गोष्टी याच क्रमाने पाहाव्यात, कारण पहिल्या दोन-तीन ठिकाणीच बहुतेक ॲप्स गळून पडतात.

प्रथम ॲप कोठून उतरवायला सांगितले आहे ते पाहावे. दुवा प्ले स्टोअर किंवा ॲप स्टोअरकडे न जाता थेट एपीके फाइल (स्टोअरबाहेरून ॲप बसवण्याची फाइल) उतरवायला लावत असेल आणि त्यासाठी फोनमधील ‘अनोळखी स्रोतांना परवानगी द्या’ ही सेटिंग बदलायला सांगत असेल, तर तपास तेथेच संपवावा. स्टोअरमध्ये असणे ही सचोटीची हमी नव्हे, हे खरे. पण स्टोअरबाहेरून येणारे पैशांचे ॲप उतरवण्यास नवशिक्याजवळ एकही सबळ कारण नसते.

त्यानंतर ॲप चालवणाऱ्याचे नाव शोधावे. ज्या टर्फ क्लबचे नाव ॲपवर झळकते, त्या क्लबच्या स्वतःच्या संकेतस्थळावर त्या ॲपचा उल्लेख आहे काय, हे उलट बाजूने तपासावे. ॲपमधील बोधचिन्ह पाहून विश्वास ठेवू नये, कारण बोधचिन्ह कोणालाही उचलता येते. क्लबच्या संकेतस्थळाचा पत्ताही ॲपमधून न घेता स्वतः शोधून उघडावा. कंपनीचे नाव, नोंदणीकृत कार्यालयाचा पत्ता आणि तक्रार-अधिकाऱ्याचे नाव या तीन गोष्टी ज्या ॲपमध्ये दोन मिनिटांत सापडत नाहीत, ते ॲप मालकाला स्वतःचे नाव सांगायचे नसल्यामुळेच तसे बनवलेले असते.

पैसे कोणाच्या खात्यात जातात, ही खूण मला सर्वांत निर्णायक वाटते. ॲपमध्ये ‘पैसे भरा’ हे बटण दाबल्यावर यूपीआयच्या पडद्यावर ज्याला पैसे जायचे आहेत त्याचे नाव दिसते. तेथे कंपनीच्या नावाऐवजी एखाद्या व्यक्तीचे, किराणा दुकानाचे किंवा मोबाइल दुरुस्तीच्या दुकानाचे नाव दिसले, आणि दुसऱ्यांदा पाहिल्यावर तेच नाव बदलून भलतेच झालेले असले, तर ती भाड्याने घेतलेली खाती समजावीत. फसवणुकीचा पैसा अशाच खात्यांतून पुढे सरकवला जातो. पोलिसांनी त्या साखळीतील एखादे खाते गोठवले, तर त्याच्याशी व्यवहार केलेल्या साध्या माणसाचे खातेही अडकू शकते, आणि पगाराचे खाते गोठल्यावर ते मोकळे करून घेण्याची धावपळ ज्याने केली आहे त्यालाच ती कळते. नाव पाहून व्यवहार रद्द करावा, चाचणी म्हणून एक रुपयाही पाठवू नये.

ॲपने मागितलेल्या परवानग्या नंतर पाहाव्यात. शर्यतीचे कार्ड दाखवणाऱ्या ॲपला संपर्क-यादी, एसएमएस, छायाचित्रे किंवा ॲक्सेसिबिलिटी सेवा यांची गरज नसते. एसएमएस वाचण्याची परवानगी म्हणजे ओटीपी वाचण्याची परवानगी. ‘मदतीसाठी’ स्क्रीन शेअर करायला सांगणाऱ्याशी बोलणे लगेच थांबवावे.

पैसे परत देण्याची तऱ्हा मात्र बाहेरून तपासता येत नाही, कारण सुरुवातीला ती गोड असते. पहिल्यांदा भरलेल्या ५०० रुपयांचे ८०० होऊन खरोखर परत येतात, मग माणूस २० हजार भरतो, पडद्यावर दीड लाख दिसू लागतात, आणि काढायला गेल्यावर निरोप येतो की ‘आधी ३० टक्के कर भरा, मग रक्कम सुटेल’. येथे एक नियम पाठ करून ठेवण्यासारखा आहे. खरा टीडीएस, म्हणजे पैसे देतानाच कापून घेतला जाणारा कर, जिंकलेल्या रकमेतून कापला जातो, तो वेगळा भरायला कोणीही सांगत नाही. रक्कम सोडवण्यासाठी कर, शुल्क, अनामत अशा कोणत्याही नावाने आणखी पैसे मागितले गेले, की मूळ रक्कम गेली असे धरून चालावे आणि पुढची रक्कम वाचवावी. तसेच पैसे मिळवण्यासाठी यूपीआयचा पिन कधीच टाकावा लागत नाही. पिन टाकला म्हणजे पैसे आपल्या खात्यातून जातात.

टेलिग्रामवरील टिप देणाऱ्यांबद्दलही सावध असावे. दहा घोड्यांच्या शर्यतीत दहा वेगवेगळ्या गटांना दहा वेगवेगळे घोडे सांगितले, तर एका गटाच्या दृष्टीने तो माणूस देवासमान ठरतो, आणि पुढच्या आठवड्यात पैसे त्याच गटाकडून मागितले जातात. नोव्हेंबर २०२३ मध्ये केंद्र सरकारने महादेव बुकसह २२ बेकायदा बेटिंग ॲप्स आणि संकेतस्थळे बंद करण्याचा आदेश दिला होता. त्यानंतरही नव्या नावांनी तशीच ॲप्स येत राहिली आहेत, त्यामुळे बंदीच्या यादीत नाव नसणे हा पात्रतेचा पुरावा मानू नये.

वाचनाचे ॲप कसे असावे

आता उपयोगाच्या ॲपकडे वळू. क्लबांची स्वतःची संकेतस्थळे शर्यतींची कार्डे, निकाल आणि चित्रफिती विनामूल्य देतात. नवशिक्यासाठी तेवढे पुरेसे आहे, आणि फोनच्या पहिल्या पडद्यावर त्या पानाची खूण ठेवली तर वेगळ्या ॲपची गरजही भासत नाही. तरीही ॲप घ्यायचेच असेल, तर त्यात पैशांची पेटी नसावी, ही पहिली अट. जेथे ‘वॉलेट’ दिसते तेथे आज ना उद्या ते भरण्याचा मोह होतो.

बाकी निवड करताना एखादी होऊन गेलेली शर्यत उघडून पाहावी. मैदानातून मागे घेतलेले घोडे कार्डात वेगळे दाखवले आहेत काय? निकालासोबत टोटचे (क्लबच्या सामायिक पैज-निधीचे) डिव्हिडंड, म्हणजे तिकिटामागे मिळालेली रक्कम, विजेत्याने घेतलेला वेळ आणि घोड्यांमधील अंतर दिले आहे काय? घोड्याच्या नावावर बोट ठेवल्यावर त्याच्या मागील पाच-सहा धावा समोर येतात काय, आणि त्या धावा कोणत्या अंतराच्या, कोणत्या वजनाच्या होत्या हे कळते काय? सकाळच्या सरावाच्या आणि मॉक रेसच्या (सरावापुरत्या शर्यतींच्या) नोंदी असल्या तर उत्तमच, पण नवशिक्याने पहिले काही महिने त्यांच्या वाटेला जाऊ नये, कारण त्यांचा अर्थ लावायला घोडा किती मोकळा सोडला होता हे पाहणारा डोळा लागतो. मराठी किंवा गुजराती भाषेत ॲप आहे की नाही, यास मी फारसे महत्त्व देणार नाही. कार्डातील खुणा सर्वत्र सारख्याच असतात आणि त्या एकदा कळल्या की भाषेचा अडसर राहत नाही.

कार्डातील एक ओळ

उदाहरणादाखल एक काल्पनिक ओळ घेऊ. शर्यत १,४०० मीटरची आहे, आणि पाचव्या क्रमांकाच्या घोड्यापुढे ‘वय ४, वजन ५६.५, ड्रॉ ९, रेटिंग ३४, मागील धावा ४-२-७-१’ असे लिहिले आहे.

वजन किलोमध्ये असते आणि त्यात जॉकी व खोगीर दोन्ही येतात. हँडिकॅप शर्यतीत चांगल्या घोड्याला जास्त वजन देऊन सर्वांना एका पातळीवर आणण्याचा प्रयत्न केलेला असतो, म्हणून ५६.५ किलो हा आकडा एकटा काही सांगत नाही. बाकीच्या घोड्यांवर किती वजन आहे आणि याच घोड्याने मागील वेळी किती वजन घेऊन धाव घेतली होती, हे त्याच्याशेजारी ठेवावे लागते. शिकाऊ जॉकी असेल तर वजनात सवलत मिळते, आणि ती कधी फायद्याची तर कधी केवळ कागदावरची असते. ड्रॉ म्हणजे सुरुवातीच्या गेटमधील जागा. लहान अंतराच्या आणि लवकर वळण येणाऱ्या शर्यतीत बाहेरची जागा जड जाऊ शकते, लांब शर्यतीत तिचा त्रास कमी होतो.

रेटिंग हे हँडिकॅपरने दिलेले गुण असतात आणि त्यांवरून घोड्याचा वर्ग ठरतो. घोडा जिंकला की रेटिंग चढते व पुढच्या वेळी त्याला वजन जास्त मिळते किंवा वरच्या वर्गात धावावे लागते. म्हणून ‘मागील धावेत पहिला’ या नोंदीला भुलणे ही नवशिक्याची नेहमीची चूक आहे. ४-२-७-१ या मागील शर्यतींतील क्रमांकांपैकी शेवटचा १ हा खालच्या वर्गात, ५३ किलो घेऊन, १,२०० मीटरवर मिळाला असेल, तर आजची परीक्षा वेगळीच आहे. उलट ७ हा क्रमांक पावसाळी, जड मैदानावरचा असेल, तर तो विसरून जाण्यासारखाही असू शकतो. कार्डात ब्लिंकर्सची (घोड्याच्या डोळ्यांच्या बाजूंना लावायच्या झापडांची) आणि नाल ॲल्युमिनियमचे की पोलादी याची खूण असते. त्यात आज प्रथमच बदल झाला असेल तर ट्रेनर काहीतरी वेगळे करून पाहत आहे एवढे समजावे.

भाव आणि टोट यांचा हिशेब

बुकीच्या भावात त्याचा नफा कसा दडलेला असतो, हे पाच मिनिटांत पडताळता येते. समजा सहा घोड्यांच्या शर्यतीत भाव २/१, ३/१, ४/१, ५/१, ८/१ आणि १०/१ असे आहेत. २/१ म्हणजे एक रुपया लावून जिंकल्यास दोन रुपये नफा. प्रत्येक भावातील दोन आकड्यांची बेरीज करून तिने शंभराला भागावे, म्हणजे २/१ साठी १०० भागिले ३. असे केल्यावर अनुक्रमे ३३.३, २५, २०, १६.७, ११.१ आणि ९.१ येतात आणि त्यांची बेरीज ११५.२ होते. खऱ्या शक्यतांची बेरीज १०० च असू शकते, म्हणून वरचे १५.२ हे बुकीचे. हा हिशेब ज्याने एकदा स्वतःच्या हाताने केला, त्याला ‘आमच्याकडे सर्वांत चांगले भाव’ ही जाहिरात पारखता येते.

टोटची रीत निराळी. तेथे सर्वांचे पैसे एका पूलमध्ये जमा होतात, ठरलेली वजावट काढून उरलेले जिंकणाऱ्यांत वाटले जातात, आणि भाव शर्यत सुटेपर्यंत बदलत राहतो. समजा विनच्या (घोडा पहिला येईल या पैजेच्या) पूलमध्ये १,००,००० रुपये जमले, २० टक्के वजावट झाली आणि जिंकलेल्या घोड्यावर १६,००० रुपये लागले होते. ८०,००० भागिले १६,००० म्हणजे ५, अर्थात १०० रुपयांच्या तिकिटाला ५०० रुपये मिळतील. विन आणि प्लेस (घोडा पहिल्या काही क्रमांकांत येईल) या दोन साध्या पैजा सोडल्या, तर पहिले दोन घोडे क्रमाने ओळखण्याचा फोरकास्ट, पहिले तिन्ही घोडे क्रमाने ओळखण्याचा टानाला, सलग पाच शर्यतींचे विजेते ओळखण्याचा जॅकपॉट, हे प्रकार कमी पैशांत मोठी रक्कम दाखवतात. नवशिक्याने त्यांची नावे माहीत करून घ्यावीत आणि तेथेच थांबावे.

कराचा भाग टाळून कोणताही हिशेब पुरा होत नाही. १ ऑक्टोबर २०२३ पासून पैजेच्या पूर्ण रकमेवर २८ टक्के जीएसटी होता, तो २२ सप्टेंबर २०२५ पासून ४० टक्के झाला. म्हणजे १०० रुपयांच्या पैजेचा खर्च १४० रुपये. टोटची वजावट २० टक्के धरली, तर सर्व खेळणाऱ्यांना मिळून दर १४० रुपयांमागे ८० परत येतात, म्हणजे सुमारे ५७ टक्के. त्याशिवाय जिंकलेल्या रकमेवर सरसकट ३० टक्के आयकर आणि त्यावर उपकर आहे. शर्यतींतील तोटा पगाराच्या किंवा धंद्याच्या उत्पन्नातून वजा करता येत नाही. एवढा बोजा डोक्यावर घेऊन नियमित नफा कमावणे हे अभ्यासू माणसालाही क्वचितच जमते, आणि ‘घरबसल्या दरमहा उत्पन्न’ असे म्हणणाऱ्या ॲपचे खोटेपण सिद्ध करायला हे आकडे पुरेसे आहेत.

वहीतली पैज

पैसे न लावता शिकण्याचा मार्ग म्हणजे वही. शर्यत सुटण्यापूर्वी, वेळ टाकून, निवडलेला घोडा, निवडीचे कारण एका ओळीत, आणि १०० रुपयांची काल्पनिक विन पैज लिहावी. खर्चाच्या रकान्यात १०० नव्हे, १४० लिहावेत. निकालानंतर क्लबने जाहीर केलेला डिव्हिडंड जमेत लिहावा आणि बेरीज चालू ठेवावी. निकाल पाहून ‘मी हाच घेणार होतो’ असे म्हणण्याची सोय वही ठेवत नाही, हा तिचा मोठा गुण. दोघांनी मिळून ठेवली तर अधिक चांगली, कारण दुसऱ्यासमोर नोंद मागाहून बदलता येत नाही.

किमान ५० शर्यती अशा लिहिल्यावर कारणांचा रकाना वाचावा. ढोबळमानाने फेव्हरिट (ज्यावर सर्वांत जास्त पैसे लागलेले असतात तो) घोडा तीनपैकी एकदा जिंकतो, त्यामुळे डोळे मिटून फेव्हरिट घेणाऱ्याची जिंकण्याची संख्या आपल्यापेक्षा जास्त निघणे सहज शक्य आहे, आणि तरीही त्याची बेरीज तोट्यातच असते. आपली कोणती कारणे पुनःपुन्हा फसली हे दिसू लागले, की शर्यत पाहण्याची मजा वाढते, आणि पुष्कळांची हौस येथेच पुरी भागते.

प्रत्यक्ष मैदानावर

वहीनंतरही खरी पैज लावून पाहायची असेल, तर बडोद्याहून मुंबई सेंट्रल रेल्वेने जवळपास ४०० किलोमीटर आहे, आणि तेथून लोकलने पुढचेच स्थानक महालक्ष्मी. मुंबईचा हंगाम साधारण नोव्हेंबर ते एप्रिल, पुण्याचा जुलै ते ऑक्टोबर असतो. निघण्यापूर्वी त्या दिवसाचे कार्ड आणि प्रवेशाचे नियम क्लबच्या संकेतस्थळावर पाहावेत. १८ वर्षांखालील मुलाच्या हातून तिकीट काढण्याचा विचारही करू नये.

गमावण्याची तयारी असलेली रक्कम रोखीने वेगळ्या पाकिटात न्यावी आणि परतीचे तिकीट आधीच काढलेले असावे. पहिल्या दिवशी विन किंवा प्लेस, सर्वांत लहान तिकीट, आणि सर्व शर्यतींऐवजी अभ्यासलेल्या दोनच. शर्यतीआधी पॅडॉकमध्ये (मैदानाशेजारच्या रिंगणात) घोडे फिरवले जातात ते जरूर पाहावे. कानामागे आणि मांड्यांमध्ये फेसाळ घाम आलेला, सईसाला ओढत नेणारा घोडा शर्यतीआधीच शक्ती खर्च करत असतो, आणि हे कोणत्याही ॲपच्या पडद्यावर दिसत नाही. खिडकीवर शर्यतीचा क्रमांक, पैजेचा प्रकार, घोड्याचा क्रमांक आणि रक्कम या क्रमाने सांगावे, तिकीट हातात आल्यावर बाजूला होण्याआधी वाचावे. निकालानंतर ऑब्जेक्शनचा (निकालाविरुद्धच्या हरकतीचा) निर्णय होईपर्यंत तिकीट फाडू नये. मैदानाच्या फाटकाबाहेर जास्त भाव देतो म्हणणारा, पावती न देणारा माणूस म्हणजे ॲपशिवायचे तेच बेकायदा दुकान होय.

पैसे आधीच गेले असतील तर

ज्यांनी हे वाचण्यापूर्वीच एखाद्या ॲपमध्ये पैसे भरले आहेत, त्यांनी प्रथम आणखी पैसे पाठवणे थांबवावे. ॲप लगेच काढून टाकू नये, कारण त्यातील संभाषण, खात्याचा पडदा आणि व्यवहारांची यादी पुराव्यासाठी लागते. सर्वांची छायाचित्रे काढून ठेवावीत आणि बँकेच्या नोंदीतून प्रत्येक व्यवहाराचा यूटीआर क्रमांक (बँकेने त्या व्यवहाराला दिलेला ओळख-क्रमांक), तारीख, वेळ आणि ज्याला पैसे गेले त्याचा यूपीआय पत्ता एका कागदावर लिहावा. मग १९३० या सायबर फसवणुकीच्या राष्ट्रीय क्रमांकावर फोन करावा. पहिल्या काही तासांत फोन केला तर रक्कम पुढील खात्यात जाण्याआधी अडवली जाण्याची शक्यता असते. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवरही तक्रार नोंदवता येते. बँकेला लेखी कळवून त्याची पोच घ्यावी.

त्यानंतर ॲप काढावे, दिलेल्या परवानग्या बंद कराव्यात, बँकेचे व ई-मेलचे पासवर्ड आणि यूपीआयचा पिन बदलावा. आधार किंवा पॅनची छायाचित्रे पाठवली असतील, तर आपल्या नावावर कर्ज निघाले आहे काय हे क्रेडिट अहवालात पुढील काही महिने पाहत राहावे. ‘गेलेले पैसे परत मिळवून देतो’ असा फोन नंतर हमखास येतो. तो बहुधा त्याच टोळीचा दुसरा फेरा असतो, त्यामुळे त्याला आगाऊ शुल्क देऊ नये.

घरातील एखादा माणूस गमावलेले परत मिळवण्यासाठी उसने घेऊन पैसे लावत असेल, शर्यतीच्या वेळी फोन लपवत असेल किंवा झोप हरवून बसला असेल, तर त्याच्या फोनमधील ॲप काढून टाकल्याने प्रश्न सुटत नाही, ते पाच मिनिटांत परत येते. अशा वेळी टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर बोलावे. ही सेवा विनामूल्य आहे, दिवसरात्र चालते, आणि तेथे त्या माणसाऐवजी घरच्यांनीही सल्ला विचारला तरी चालतो.